ताळा बरोबर, तरी मार्क गेले: कॉस इन्व्हर्स (−१/२) चं नेमकं मूल्य कोणतं?

नंदनवनची आई | १३ जुलै, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. मुलगी यंदा बारावी सायन्सला आहे. स्टेट बोर्ड, सोबत सीईटीची तयारी. परवा क्लासमध्ये त्रिकोणमितीची टेस्ट झाली. त्यात प्रश्न होता: कॉस इन्व्हर्स (−१/२) चं मूल्य काढा, म्हणजे ज्याचा कॉस −१/२ येतो तो कोन. (मोबाईलवर ते वरचं बारीक उणे एक टाकता येत नाही, म्हणून सगळीकडे 'इन्व्हर्स' लिहिते, आणि π ला 'पाय', म्हणजे १८० अंश.) तिने उत्तर लिहिलं ४पाय/३. पेपरवर लाल गोल, दोन मार्क गेले, आणि बाजूला नुसतं २पाय/३ लिहिलेलं. कारण काही नाही.

रात्री स्वयंपाकघर आवरून तिच्याजवळ बसले. मी १९९८ ची बी.एस्सी. आहे, गणित होतं मला. ४पाय/३ म्हणजे २४० अंश. तिसरं चरण, कॉस उणे, म्हणजे −कॉस ६०, म्हणजे −१/२ च. मग पोरीचं चुकलं कुठे? ती म्हणे, "आई, मी ताळा करून पाहिला होता, तरी कापले." डोळ्यात पाणी आलं होतं तिच्या. मला तिला काही सांगता आलं नाही, याचं जास्त वाईट वाटलं.

पुस्तकात एक तक्ता आहे, तो पाठ कर म्हणाले सर. पाठ होईल हो, पण का, ते कोणीच सांगून नाही राहिलं. आणि दुसरं असं की 'नेमकं मूल्य' काढायला कोणती मूल्यं तोंडपाठ असावी लागतात?

खडू-फळा | १३ जुलै, रात्री ११:२०

ताई, मुलीचा ताळा शंभर टक्के बरोबर आहे हे तिला झोपण्याआधी सांगा. कॉस (४पाय/३) = −१/२, यात काही वाद नाही.

आता कॉसचा आलेख डोळ्यासमोर आणा. लाट आहे, दोन्हीकडे पसरत जाणारी. −१/२ या उंचीवर आडवी रेघ मारली की ती लाटेला अगणित ठिकाणी कापते: १२०, २४०, ४८०, ६०० अंश, मागे −१२०, −२४०. हे सगळेच कोन खरे. पण कॉस इन्व्हर्स हे फलन आहे, आणि फलनाला एका किमतीला एकच उत्तर देता येतं. म्हणून त्या लाटेचा एकच तुकडा कापून घ्यायचा, ज्यात −१ पासून १ पर्यंतची प्रत्येक उंची एकदाच लागेल. कॉससाठी तो तुकडा ० ते पाय. तिथे कॉस १ वरून सरळ उतरत −१ ला येतो, मध्ये कुठे वळत नाही. २४० अंश त्या तुकड्याच्या बाहेर पडतात, १२० आत येतात. म्हणून २पाय/३.

साइनचा तुकडा −पाय/२ ते पाय/२ आहे. मुलं नेहमी विचारतात, कॉसलाही तोच का दिला नाही, एकच पाठ करावा लागला असता. तिला हे स्वतः काढून पाहू द्या. −९० ते ९० मध्ये कॉस शून्यावरून १ पर्यंत चढतो आणि पुन्हा शून्यावर येतो. धन किमती दोनदा मिळाल्या, उणे किमती एकदाही नाही. तो तुकडा कॉसच्या कामाचाच नाही.

टॅनला −पाय/२ ते पाय/२, पण दोन्ही टोकं सोडून, कारण तिथे टॅनला किंमतच नसते.

सीईटीवाला दादा | १३ जुलै, रात्री ११:४१

ताई, एवढं खोलात नका जाऊ. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटं. एका प्रश्नाला दोन मिनिटंही नाहीत. तक्ता पाठ, १०-१५ सूत्रं पाठ, संपला विषय. मी दोन वर्षं पोरांना हेच सांगून राहिलो. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे शंका आली तरी एक पर्याय ठोकून पुढे जायचं.

महालातले मास्तर | १४ जुलै, सकाळी ६:१५

दादा, तुमचा वेळेचा हिशेब बरोबर आहे, पण पर्यायांत ४पाय/३ आणि २पाय/३ दोन्ही छापलेले असतात. पेपर काढणारा माणूस याच चुकीची वाट पाहत असतो. तिथे पाठ केलेला तक्ता घाबरलेल्या डोक्यातून सगळ्यात आधी निसटतो. मी ३१ वर्षं शिकवलं, हे पुष्कळ वेळा पाहिलं.

वर्गात मी एक गोष्ट करायचो, ती सांगतो. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्यायचा आणि त्यात आयताकृती खिडकी कापायची, बरोबर पाय एवढ्या रुंदीची. आलेख-कागदावर साइनची लाट काढायची, −३६० ते ३६०. मग ती खिडकी लाटेवरून सरकवायला सांगायची. कुठे थांबवली तर आतली रेघ एकदाही वळत नाही? पोरं सरकवत सरकवत −९० ते ९० ला येऊन थांबतात. काही ९० ते २७० लाही थांबतात, आणि तेही चालतं! तिथेही साइन न वळता १ वरून −१ ला उतरतो. मग −९० वालाच का? कारण त्यात शून्य आहे, रोजचे लघुकोन आहेत. ही जगाने ठरवलेली सोय आहे, निसर्गाचा नियम नाही. एवढं मुलाला कळलं की ते तक्त्याशी भांडत नाही.

ताई, एक विचारतो. टेस्टच्या आधी तिने वहीत काय सोडवलं होतं? त्याच प्रकरणातली मागची चार-पाच पानं उघडून पाहा. मला एक शंका आहे.

टूलरूमवाला | १४ जुलै, दुपारी १:३०

जेवणाच्या सुट्टीत लिहून राहिलो. मी हिंगणा एमआयडीसीत टूलरूममध्ये आहे, २२ वर्षं झाली. आयटीआय केलं, बारावीचं गणित काही केलं नाही, पण साइन इन्व्हर्स मी रोज हाताने करतो.

आमच्याकडे साइन बार असतो. घासून आरसा केलेली पोलादी पट्टी, खाली दोन गोल रोलर, दोघांच्या मध्यातलं अंतर पक्कं २०० मिलिमीटर. एक रोलर सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट केलेल्या पाटावर टेकवायचा, दुसऱ्याखाली स्लिप गेज, म्हणजे नेमक्या जाडीचे पोलादी ठोकळे रचायचे. खाली १०० मिलिमीटर रचलं की पट्टी ३० अंशात उभी राहते, कारण १००/२०० म्हणजे अर्धा. जॉबचा, म्हणजे मोजायच्या वस्तूचा, कोन माहीत नसेल तर उलटं करायचं. जॉब पट्टीवर ठेवून वरची बाजू डायलने सपाट लागेपर्यंत गेज बदलत राहायचे, मग गेजची उंची भागिले २०० आणि त्याचं साइन इन्व्हर्स. तोच जॉबचा कोन.

इथे उत्तर एकच निघते, कारण पट्टी ० ते ९० मध्येच उभी राहू शकते. १५० अंशाचा साइन पण अर्धाच आहे, पण माझा बार मागे लोळून १५० ला जाऊन बसणार नाही. ताईंच्या पोरीला सांगा, तुझ्या पुस्तकातला तुकडा म्हणजे माझ्या सरफेस प्लेटची हद्द.

अजून एक. ४५ अंशाच्या वर साइन बार वापरू नये असा आमच्यात नियम आहे. नवीन पोट्टे विचारतात का म्हणून. गेज रचताना मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक झाली समजा. बार आडवा असताना कोनात साधारण १० सेकंदांचा फरक पडतो (हे कोनाचे सेकंद: एका अंशात ६० मिनिटं, एका मिनिटात ६० सेकंद). ६० अंशावर त्याच चुकीने २० सेकंद, ८० वर जवळजवळ एक मिनिट. बार जसा उभा होत जातो तशी उंची हलतच नाही म्हणा ना, कोन मात्र भराभर पळतो.

खडू-फळा | १४ जुलै, दुपारी ४:०५

टूलरूमवाला भाऊ, तुमची पोस्ट उद्या वर्गात वाचून दाखवतो. साइन इन्व्हर्सचा आलेख १ जवळ जाताना उभा होत जातो, हे मी फळ्यावर काढून सांगतो आणि मुलं मान हलवतात. गेज रचणाऱ्या हाताची चूक कोनात कशी वाढते, हे ऐकलं की ते त्यांच्या लक्षात राहील. पुढे याच फलनाचं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे आलेखाचा चढ, येतं, १ भागिले √(१ − क्ष²), ते हेच सांगतं.

नंदनवनची आई | १४ जुलै, रात्री ९:३०

मास्तर, तुम्ही म्हणालात तशी वही उघडली, आणि दोघी एकमेकींकडे पाहतच राहिलो.

आदल्याच आठवड्यातलं पान. प्रश्न: कॉस थीटा = −१/२ ची 'प्रिन्सिपल सोल्यूशन्स' काढा. उत्तर: २पाय/३ आणि ४पाय/३. दोन्हीला सरांची बरोबरची खूण. आणि टेस्टमध्ये कॉस इन्व्हर्स (−१/२) ची 'प्रिन्सिपल व्हॅल्यू'. पोरगी म्हणाली, "दोन्हीकडे प्रिन्सिपलच लिहिलंय ना आई, मला वाटलं दोघांतलं कोणतंही एक चालेल."

महालातले मास्तर | १४ जुलै, रात्री ९:५२

हीच शंका होती. आपल्या बोर्डाच्या पुस्तकात एकाच प्रकरणात हे दोन्ही येतात, आणि नाव सारखं वाटतं. समीकरण सोडवा म्हटलं की ० ते २पाय या पूर्ण फेरीतली सगळी उत्तरं द्यायची, त्यांना प्रिन्सिपल सोल्यूशन म्हणतात, म्हणून तिथे दोन आली. इन्व्हर्सचं मूल्य मागितलं की फक्त त्या फलनाच्या तुकड्यातलं एक. पहिल्यात प्रश्न असतो, 'असे कोन कोणते?' दुसऱ्यात असतो, 'हे फलन काय देतं?'

पोरीने विचार न करता लिहिलं नव्हतं. तिने मागच्या आठवड्यात शिकलेलं प्रामाणिकपणे वापरलं. लाल गोल काढताना तेवढं एक वाक्य बाजूला लिहिलं असतं तर तिची रात्र वाचली असती.

आता मूल्य काढायची पद्धत. कोणताही प्रश्न आला की आधी तुकडा बघायचा, मग चिन्ह, आणि कोन सगळ्यात शेवटी. साइन इन्व्हर्स (−√३/२) घ्या. तुकडा −९० ते ९०. किंमत उणे, म्हणजे उत्तर शून्याच्या खाली. आता √३/२ कोणाचा साइन? ६० चा. उत्तर −पाय/३. संपलं. तीच किंमत कॉस इन्व्हर्सला दिली तर? तुकडा ० ते १८०, तिथे उणे कोनच नाहीत. उणे किंमत म्हणजे उत्तर ९० च्या पलीकडे. √३/२ हा कॉस ३० चा, म्हणून १८० वजा ३०, ५पाय/६.

साइन आणि टॅन उणे चिन्ह बाहेर काढून देतात, कॉस ते पायमधून वजा करून घेतो. 'कॉस इन्व्हर्स (−क्ष) = पाय − कॉस इन्व्हर्स क्ष' हे सूत्र पाठ करायला लागतच नाही, खिडकी आठवली की ते आपोआप येतं.

पाठ काय असावं विचारलंत. ०, ३०, ४५, ६०, ९० चे साइन-कॉस-टॅन झोपेतून उठवलं तरी यायला हवेत. १५ आणि ७५ चे करता यावेत: साइन १५ म्हणजे (√६ − √२)/४. आणि १८ चा एक, (√५ − १)/४, तो परीक्षेत अधूनमधून डोकावतो.

आकाशवेडी | १४ जुलै, रात्री ११:१०

हा धागा वाचून राहवलं नाही, कारण या आठवड्यात नागपूरच्या आकाशातच याचं उदाहरण आहे.

शून्य सावलीचा दिवस माहीत असेल सगळ्यांना. सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशी गोळा होते. आपलं नागपूर २१.१५ अंश उत्तरेला. सूर्य कर्कवृत्तापर्यंत, म्हणजे साधारण २३.४४ अंशांपर्यंत वर सरकतो, त्यामुळे वाटेत आपल्या डोक्यावरून जातोच. कधी जातो? वसंतसंपातापासून, म्हणजे मार्चमधल्या समान दिवस-रात्रीपासून, सूर्य आपल्या वाटेवर किती अंश पुढे गेला ते काढायचं. त्या कोनाचा साइन = साइन २१.१५ भागिले साइन २३.४४. म्हणजे ०.३६०८ भागिले ०.३९७८, सुमारे ०.९०७. कॅल्क्युलेटरवर साइन इन्व्हर्स दाबलं की ६५.१ अंश. सूर्य दिवसाला एक अंशाहून जरा कमी चालतो. २० मार्चपासून मोजलं की २६ मेच्या आसपास येतं, आणि तो दिवस खराच आहे. त्या उन्हात आम्ही दरवर्षी गच्चीवर पाण्याची बाटली उभी करून बघतो, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमाराला.

पण सूर्य वर जातो तसा परतही येतो! दुसरा दिवस कुठे गेला? कॅल्क्युलेटर तो सांगत नाही, कारण त्याचा साइन इन्व्हर्स ९० पर्यंतच बोलतो. दुसरा आपण काढायचा: १८० − ६५.१ = ११४.९. तो येतो १७-१८ जुलैला, दुपारी सव्वाबाराच्या थोडं पुढे. म्हणजे या आठवड्यात.

नंदनवनच्या ताई, तुमच्या मुलीच्या वहीतली दोन उत्तरं म्हणजे हे दोन दिवस, आणि टेस्टमधलं एक उत्तर म्हणजे कॅल्क्युलेटरचं. दोन्ही खरी आहेत.

वर्धेची पोर | १५ जुलै, संध्याकाळी ५:४०

मी पण बारावीला आहे. एक डाऊट. साइन इन्व्हर्स (साइन १०) किती? मी १० लिहिलं, कारण इन्व्हर्सने साइन कटतो ना. उत्तरात ३पाय − १० दिलंय. हे कुठून आलं?

खडू-फळा | १५ जुलै, संध्याकाळी ६:३०

बेटा, कटतो, पण कोन आधीच तुकड्याच्या आत असेल तरच. इथला १० रेडियनमध्ये (पाय रेडियन म्हणजे १८० अंश) आहे, अंशाची खूण नाही हे आधी बघ. पाय/२ म्हणजे १.५७ च्या आसपास, त्यामुळे १० त्या तुकड्याच्या फार बाहेर आहे. फलन तुला १० परत देऊच शकत नाही.

मग असा कोन शोध जो −१.५७ ते १.५७ मध्ये आहे आणि ज्याचा साइन, साइन १० एवढाच आहे. साइन (पाय − क्ष) = साइन क्ष हे तुला येतं. त्यात पूर्ण फेऱ्या मिळवल्या तरी चालतं, म्हणून पाय − १०, ३पाय − १०, ५पाय − १०, सगळ्यांचा साइन तोच. यातला आत कोणता बसतो? ३पाय म्हणजे ९.४२५, वजा १० केलं की −०.५७५. बसला.

कॉसला वाट वेगळी आहे. कॉस इन्व्हर्स (कॉस ४) करून बघ. तिथे कॉस (२पाय − क्ष) = कॉस क्ष वापरायचं.

वर्धेची पोर | १५ जुलै, संध्याकाळी ६:५५

२पाय − ४, म्हणजे २.२८. ० ते ३.१४ च्या आत आहे. बरोबर का सर?

खडू-फळा | १५ जुलै, संध्याकाळी ६:५८

अगदी बरोबर.

नंदनवनची आई | १५ जुलै, रात्री १०:१५

आज पोरीनेच प्रश्न काढला. साइन इन्व्हर्स (३/५) चं नेमकं मूल्य काय? कॅल्क्युलेटरवर ३६.८७ अंश येतं. पुस्तकात कुठेच उत्तर नाही, पण गणितात मात्र ३/५ सारखा येतो. ते 'काढता येत नाही' असं लिहायचं का?

महालातले मास्तर | १६ जुलै, सकाळी ६:०५

फार चांगला प्रश्न. तिला माझ्याकडून शाबासकी द्या.

पायचा साधा अपूर्णांक असलेले कोन घेतले, म्हणजे पाय/७, ३पाय/११ असले कोणतेही, आणि त्यांचा साइनही साधा अपूर्णांक यायला हवा म्हटलं, तर किमती उरतात फक्त पाच: ०, १/२, −१/२, १, −१. बाकी एकही नाही. हे सिद्ध झालेलं आहे, निव्हेन या गणितज्ञाच्या नावाने ते प्रमेय ओळखतात. म्हणजे साइन इन्व्हर्स (३/५) हे 'पाय भागिले अमुक' असं कधीच लिहिता येणार नाही. कोणी शोधलं नाही म्हणून नव्हे, ते असूच शकत नाही म्हणून.

मग नेमकं मूल्य काय? 'साइन इन्व्हर्स (३/५)' हेच नेमकं मूल्य. ३६.८७ लिहिलं की नेमकेपणा गेला. √२ ला आपण √२ च ठेवतो, १.४१४ करत नाही, तसंच.

आणि त्या कोनाला न उलगडताच त्याच्याकडून काम करून घेता येतं. कॉस (साइन इन्व्हर्स ३/५) विचारलं तर कोन शोधत बसू नका. काटकोन त्रिकोण काढा, समोरची बाजू ३, कर्ण ५, तर उरलेली ४. कोनाचं नाव त्या कोपऱ्यात लिहा. कॉस म्हणजे ४/५. दशांश कुठेच आला नाही. त्रिकोण मात्र प्रत्येक वेळी काढायचा, मनातल्या मनात नाही. निम्म्या चुका न काढलेल्या त्रिकोणात होतात.

पोथीवाचक | १६ जुलै, दुपारी ३:२०

मास्तरांचं वाचून एक सांगावंसं वाटलं. आपल्या जुन्या गणितात हे उलटं जाणं नावासकट आहे. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी, चाप म्हणजे धनुष्याची कमान. कोनावरून ज्या काढणं ही सरळ वाट, ज्येवरून चाप काढणं ही उलट. इंग्रजीत साइन इन्व्हर्सला 'आर्क साइन' असंही म्हणतात, त्यातला आर्क म्हणजे हाच चाप. खुद्द साइन हा शब्दही ज्या, जीवा यावरूनच अरबी आणि मग लॅटिनमार्गे फिरत गेलेला.

आर्यभटांनी सन ४९९ मध्ये पावणेचार अंशांच्या टप्प्याने चोवीस ज्यांची सारणी दिली, त्रिज्या ३४३८ धरून. ही त्रिज्या अशी विचित्र का? वर्तुळाचे ३६० अंश म्हणजे २१,६०० कला. परीघ २१,६०० धरला तर त्रिज्या ३४३८ येते. म्हणजे कमानही कलेत, दोरीही कलेत, एकच माप. आज रेडियन घेऊन आपण हेच साधतो. त्या सारणीत ३० अंशांची ज्या १७१९ आहे, ३४३८ च्या बरोबर निम्मी. आता उलटं वाचा: ज्या १७१९, तर चाप १८०० कला, म्हणजे ३० अंश. बारावीच्या पुस्तकातलं साइन इन्व्हर्स (१/२) ते हेच.

आणि मास्तरांनी १८ अंशांचा साइन सांगितला, तो वर्गमुळाच्या रूपात भास्कराचार्यांच्या 'ज्योत्पत्ती'त आहे, ३६ अंशांचाही आहे. दशांशात न उतरवता मुळात ठेवायची ओढ इतकी जुनी आहे.

वरच्या उणे एकाबद्दलही सांगतो. ती खूण जॉन हर्शेल यांनी १८१३ मध्ये वापरली. तिचा अर्थ '१ भागिले साइन' असा नाही. त्यासाठी कोसेक आहे. ही गल्लत मी पदवीपर्यंत करणारी मुलं पाहिली.

सीईटीवाला दादा | १६ जुलै, रात्री ८:००

माझं पहिलं मत थोडं बदलतो. आज बॅचला ताईंच्या पोरीचा प्रश्न दिला, काही न सांगता. २४ पैकी ९ जणांनी ४पाय/३ वर खूण केली. तक्ता सगळ्यांना पाठ होता. उद्यापासून खिडकीवाला कागद करून घेतो.

एक माझ्याकडून. टॅन इन्व्हर्स २ + टॅन इन्व्हर्स ३. सूत्र लावलं की (२ + ३)/(१ − ६) = −१, आणि पोरं −पाय/४ लिहून मोकळी होतात. दोन्ही कोन धन आहेत, बेरीज उणे कशी येईल? कंसातल्या दोन धन संख्यांचा (इथे २ आणि ३) गुणाकार १ पेक्षा मोठा असला की बेरीज ९० च्या पुढे गेलेली असते, म्हणून पाय मिळवायचा. उत्तर ३पाय/४. त्यात टॅन इन्व्हर्स १ मिळवा, बरोबर पाय होतो. १, २, ३ यांचे तीन कोन मिळून अख्खा सरळ कोन, हे मला अजून आवडतं.

खडू-फळा | १६ जुलै, रात्री ९:१०

दादा, तुम्ही बॅचवर करून पाहिलंत हे फार बरं केलंत.

कॉट इन्व्हर्सबद्दल एक सावधगिरी. आपल्या पुस्तकात तुकडा ० ते पाय आहे, म्हणून कॉट इन्व्हर्स (−१) = ३पाय/४. काही संगणक-प्रणाली दुसरा तुकडा धरतात आणि −पाय/४ दाखवतात. मुलं इंटरनेटवर तपासून येतात आणि पुस्तक चुकलं म्हणतात. दोन्हीकडचं आपापल्या ठिकाणी बरोबर आहे, परीक्षेत मात्र पुस्तकातलं लिहा.

टूलरूमवाला | १७ जुलै, दुपारी १:१०

आकाशवेडी ताई, सव्वाबाराला शॉपच्या बाहेर साइन बारच उभा करून ठेवला होता, चार पोट्टे भोवती. ढगच ढग. १२:२३ ला दोन मिनिटं ऊन पडलं. सावली नव्हती. साइन बारच्या बुडाशी फक्त एक काळी रेघ.

नंदनवनची आई | १७ जुलै, रात्री १०:४०

आमच्याकडे ऊन पडलंच नाही, दिवसभर रिपरिप. पण कागदाची खिडकी केली. माझ्याच लग्नाच्या पत्रिकेची, दोन उरल्या होत्या. पोरीने कॉससाठी वेगळी, साइनसाठी वेगळी कापली आणि वहीत चिकटवून टाकली.

मग तिने हे सोडवलं: २ टॅन इन्व्हर्स (१/३) + टॅन इन्व्हर्स (१/७). पहिल्याचं दुप्पट केलं तर (२/३) भागिले (८/९), म्हणजे टॅन इन्व्हर्स (३/४). त्यात १/७ मिळवला: वर २५/२८, खाली २५/२८, म्हणजे १. पाय/४ लिहून ती थांबली, आणि मी न सांगता म्हणाली, "थांब आई, ३/४ गुणिले १/७ एकापेक्षा लहान आहे ना? हो. मग पाय मिळवायचा नाही."

टेस्टचा पेपर तिने फाइलला लावला. लाल गोलाच्या बाजूला पेन्सिलने लिहिलंय: 'हे समीकरणाचं उत्तर. विचारलं होतं फलनाचं.'